माळकऱ्याची पश्मी

शके १९२३, अधिक आश्विन शुद्ध द्वादशी. इंग्रजी सन २००१, सप्टेंबरअखेर. स्थळ : लातूर जिल्ह्यातील मौजे हिंगणवाडी, माझे सासरे निवृत्ती ग्यानोबा चामे यांच्या घराची ओसरी. वेळ दुपारच्या भोजनाची. पाटाभोवती रांगोळी रेखलेली होती, समोर अनारशांच्या तबकात निरांजन तेवत होते आणि त्या पाटावर, कपाळी गंध व डोक्यावर नवी टोपी अशा थाटात, मी बसलो होतो.

"पाहुणे, लाजू नका," आबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले. "जेवण चालूच हाय, वाण झालं. आता काय पायजे ते मागा."

अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, असे आमच्याकडे मानतात. त्याला पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, अनारशांचे वाण द्यायचे आणि शेवटी काय हवे ते विचारायचे. सासऱ्याने विचारणे हा जसा रिवाज, तसा जावयाने 'सगळं पावलं' म्हणून हात जोडणे हाही रिवाजच. पण मी लातूरच्या न्यायालयात नव्याने उभा राहू लागलेला वकील होतो. प्रश्न आला की उत्तर देणे हे कर्तव्य, अशी माझी त्या काळी समजूत होती. शिवाय या प्रश्नाचे उत्तर मी घरूनच तयार करून, पिशवीत घालून आणले होते.

"मागतो," मी म्हणालो. "पण मग नाही म्हणायचं नाही."

"धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाही म्हणणारा आमच्या घरात अजून जन्मला न्हाई."

"मग चवरीला औषध द्यायची परवानगी द्या."

आबा मोकळेपणाने हसले. पंगतीत बसलेले शेजारचे माणिकतात्याही हसले. दाराशी बसलेली चवरी आपले नाव ऐकून क्षणभर थांबली आणि पुन्हा मागच्या पायाने बरगड्या खाजवू लागली. जेवण सुरू झाल्यापासून तिच्या नखांचा तो खरखर आवाज चालूच होता; फक्त सर्वांनी तो न ऐकण्याची सवय करून घेतली होती.

चवरी ही पश्मी कुत्री. आमच्या भागातल्या शिकारी कुत्र्यांत लांब केसांची जी जात आहे, तिला पश्मी म्हणतात : उंच, सडपातळ, हरणाच्या अंगलटीची, आणि कानांवर, पायांमागे व शेपटीवर रेशमी झुपके असलेली. आबांच्या घरी ही पैदास त्यांच्या आजोबांपासून चालत आली होती. शेपटीचा झुपका देवापुढे ढाळायच्या चवरीसारखा म्हणून हिचे नाव चवरी. मात्र त्या दिवशी हे नाव तिला मुळीच शोभत नव्हते. शेपटी सुंभासारखी झाली होती, कानांवरचे केस झडले होते, पाठीवर कोंडा धरला होता आणि खाजवून खाजवून कातडी लाल पडली होती. चंपाषष्ठीला गावच्या खंडोबाच्या यात्रेत कुत्र्यांची पारख होई. तेथे वर्षानुवर्षे पहिली येणारी आबांची पैदास मागल्या दोन्ही वर्षी रांगेच्या शेवटाला उभी राहिली होती. तिचे पिलू मागायला कोणी येत नव्हते. आबांनी माणिकतात्यांना शब्द देऊन टाकला होता, की यंदाही शेवटचीच ठरली तर यात्रेनंतर चवरी तात्यांच्या दाराला बांधायची. त्या घरातली ती अखेरची पश्मी होती.

"औषधाला परवानगी कसली मागताव?" आबा म्हणाले. "सहा महिने जवसाचं तेल पाजलं. करडीचं चोळलं. लिंबाच्या पाल्यात धुतली. ऱ्हायलं काय?"

मी पिशवीतून बाटली काढून पाटाशेजारी ठेवली. आत मधाच्या रंगाच्या गोळ्या होत्या.

"मागच्या खेपेला तिच्या कातडीचा खरवडा मी लातूरला नेला होता. डॉक्टर होळंबे जनावरांचे डॉक्टर आहेत. त्यांनी तो तपासला. खरूज नाही, किडा नाही. दोष खाण्यातला आहे, म्हणाले. अंगाला जो स्निग्धांश लागतो तो तिला मिळत नाही. रोज थोडं हे द्यायचं. केस परत येतील."

"कशाचं हाय?"

"माशाचं तेल."

सासूबाई तूप वाढीत होत्या. त्यांची पळी तशीच अधांतरी राहिली. माजघराच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या पत्नीने, कांचनने, पदराचे टोक दातांत धरले. आबांनी बाटलीकडे पाहिले आणि मग नजर उचलून माझ्याकडे पाहिलेही नाही.

आबा माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, घरात मांसमच्छी वर्ज्य. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक होते म्हणूनच मी युक्तिवाद तयार करून आलो होतो.

"पाहुणे, ते आत ठेवा," आबा म्हणाले.

"तुमचा नियम मोडा असं मी म्हणत नाही, आबा. पण माळ तुमच्या गळ्यात आहे. तिच्या गळ्यात पट्टा आहे."

"आरारा," तात्या मांडीवर थाप मारून म्हणाले. "वकीलसाहेबांनी बांधलंच की तुम्हाला. अन् खरं हाय, आबा. ते खंडोबाचं कुत्रं; तुम्ही त्याला विठोबाच्या भजनाला बसवलं."

"तात्या, तुम्ही जेवा. जवसात काय कमी हाय?"

हा प्रश्न येणार हे मी गृहीत धरले होते. "जवसातला स्निग्धांश वेगळा, आबा. तो हवा तसा बदलून घेणं कुत्र्याच्या अंगाला फारसं जमत नाही. माशाच्या तेलात तो तयारच असतो. डॉक्टरांनीच सांगितलं."

"भाकरी-वरणावर काय मरती का ती?"

"मरत नाही, झडते. आणि ती भाकरीवर वाढलेली नाही. दोन-अडीच वर्षांमागे तुम्हीच तिला हाडं घालत होता. तिच्या आईला घालत होता, आजीला घालत होता. तेव्हा पहिली कोण येत होती?"

मुद्दा बिनतोड होता. आबांनी ताटातला शेवटचा घास तसाच ठेवला, ताटाला नमस्कार केला आणि ते उठले.

"दुसरं मागा, पाहुणे. गाय मागा. विहिरीजवळचा तुकडा मागा. हे मागू नका."

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता," आबा म्हणाले. "आज मोडतो." आणि खांद्यावर टॉवेल टाकून, नारायणाला पाटावर तसाच सोडून, ते भर उन्हात शेताकडे निघून गेले. चवरी त्यांच्यामागे वेशीपर्यंत गेली आणि बसून खाजवू लागली.

कांचन बाहेर आली. तिची वेणी आता कोठे पाठीवर रुळू लागली होती. लग्नात तिला गंगावन लावले होते, आणि त्याआधी मुलगी पाहायला गेलो तेव्हा तर केस जेमतेम मानेपर्यंत होते. चार वर्षे शहरात शिकल्याचे ते वळण असावे, असा निष्कर्ष मी स्वतःच काढून ठेवला होता.

"पिशवीत काय आहे ते मला आधी का नाही सांगितलंत?" तिने विचारले.

"तुला नवल वाटावं म्हणून."

"वाटलं," ती म्हणाली आणि माझे ताट उचलून घेऊन गेली.

तिसऱ्या प्रहरी सासूबाई मागल्या पडवीत डाळ पाखडीत बसल्या होत्या. मी समोरच्या जोत्यावर जाऊन बसलो. क्षमा मागावी की युक्तिवाद पुढे चालवावा, हे माझे ठरत नव्हते.

"मामी, आबांना मी दुखवलं का?"

"तुमचं काही चुकलं न्हाई, जावईबापू. मला एक सांगा. त्यांनी माळ काहून घातली, ठाऊक हाय?"

"विठ्ठलाच्या भक्तीनं."

सासूबाईंनी सूप खाली ठेवले आणि माझ्या अज्ञानाची कीव करीत हसल्या. "ह्यांच्याइतका मटणाचा शौकीन पंचक्रोशीत नव्हता. लोक रस्सा करायच्या आधी ह्यांना तिखट विचारायला यायचे. भक्ती कुठली. भ्याले ते." मग त्यांनी आवाज उतरवला. "तुमच्या लग्नाच्या आदल्या साली कांचनला विषमज्वर झाला. पोटात उतरला. लातूरच्या दवाखान्यात पडून होती. डोक्यावरचे केस उशीला राहायचे, असे पुंजकेच्या पुंजके. डॉक्टरनं एक दिवस ह्यांना बाजूला बोलावलं. काय सांगितलं ते मला अजून म्हाईत न्हाई. हे बाहेर आले, दवाखान्याच्या दारातल्या लिंबाखाली बसले, अन् म्हणले, हिला वाचव. माझ्या दारातला एक जीवबी मांसाला तोंड लावणार न्हाई."

"एक जीवही?"

"भेदरलेला माणूस. सोतापुरतं बोलावं का न्हाई? दारातला एक जीवबी, म्हणून बसले. मांजरं होती, ती चार दिवसांत दुसऱ्या घरी निघून गेली. कुत्री कुठं जाणार? ती ह्यांची." त्या पुन्हा डाळीकडे वळल्या. "आता तुम्ही ती बाटली आणली. अन् मागितली कशासाठी, तर चवरीसाठी. त्यांना काय ऐकू आलं असंल? की चवरीनं तोंड लावलं की तुमची बायको…" वाक्य त्यांनी सुपात सोडून दिले.

म्हणजे आबा सकाळ-संध्याकाळ आपली कुत्री झडताना पाहत होते, आणि जोवर ती झडते आहे तोवर मुलगी सुखरूप आहे, असे स्वतःला समजावीत होते. तात्यांच्या दारी द्यायला ते राजी झाले, तेही त्यामुळेच. आपल्या दाराबाहेर गेली की मग ती काहीही खावो.

"कांचनला हे ठाऊक आहे?"

"न्हाई. ज्याच्यासाठी नवस बोलावा त्याला सांगू नये म्हणतात."

"आता आहे," मागून कांचनचा आवाज आला. ती चौकटीला टेकून उभी होती. किती वेळ, कोण जाणे. ती आमच्या मधून चालत बाहेर गेली, अंगणात चवरीजवळ बसली आणि तिच्या उघड्या पडलेल्या कानांवरून बोट फिरवीत राहिली. मी पुढचा युक्तिवाद तेथेच सोडून दिला. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप अंगणात लागली. सासूबाईंनी कांचनची ओटी भरली. आबा जरा दूर, गोठ्याच्या मेढीला पाठ लावून उभे होते. शब्द मोडलेला माणूस जावयाच्या नजरेला नजर देत नसतो.

"आबा," कांचन म्हणाली, "ह्यांचं मागणं राहिलंय."

"दुसरं मागा म्हणलं ना मी."

"दुसरंच मागतेय. ह्यांच्या वतीनं मी मागते. चवरी मला द्या."

आबा मेढीपासून सुटे झाले. "तिचा शब्द तात्याला दिलाय."

"यात्रेत शेवटी आली तर. यात्रा अजून व्हायचीय. आणि तात्या तिला काय घालणार आहेत, भाकरी?"

"तात्याचं दार येगळं."

"माझंही वेगळं. माझं दार लातूरला आहे. लग्नात मला जीपमध्ये बसवताना तुम्हीच म्हणालात, आता तेच तुझं घर."

येथे मला राहवले नाही. "मुद्दा योग्य आहे, आबा. बोललेल्या शब्दांची व्याप्ती पाहिली तर…"

"पाहुणे, देवाफुडं वकिली नको," आबा म्हणाले.

"वकिली नाहीच, आबा," कांचन म्हणाली. "ती माझ्यासाठी उपाशी आहे ना? मग तिला मी खाऊ घालीन. माझ्या हातानं."

आबांनी सासूबाईंकडे पाहिले. सासूबाईंना नेमके त्याच वेळी भिंतीवरचे शेणाचे पोपडे दिसू लागले.

"अन् तुला काही झालं तर?" आबांनी विचारले. दोन-अडीच वर्षे त्या घरात हा प्रश्न मनात वागवूनही कोणी मोठ्याने विचारला नव्हता.

"देवानं मला वाचवलं ते कुणाला तरी जन्मभर खाजवत ठेवण्यासाठी, असं तुम्हाला खरंच वाटतं का? मला नाही वाटत. तुम्हाला वाटत असेल तर तसं म्हणा, मी जाते."

आबा गोठ्यात गेले, साखळी घेऊन आले, चवरीच्या पट्ट्यात अडकवली आणि तिचे दुसरे टोक कांचनच्या नव्हे, माझ्या हातात दिले. वाण जावयालाच द्यायचे असते.

"दिली. धोंड्याचं वाण म्हणून दिली. दिलेलं मी परत घेत न्हाई, अन् हा उंबरा तिला परत ओलांडू देणार न्हाई. पटतंय का?"

"पटतंय," मी म्हणालो.

"चंपाषष्ठीला आणा. शेवटी ऱ्हायली तर शब्दापरमानं तात्याची. तात्याला दिलेला शब्द मी मोडणार न्हाई. एकाच महिन्यात किती मोडू?" मग ते कांचनकडे वळले. "फोन करत जा."

लातूरला आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मागे फरसबंद अंगण होते, तेथे चवरी राहिली. डॉक्टर होळंबे यांनी तिला एकदा समक्ष पाहिले आणि कांचनला सगळे समजावून दिले. तेल माशाच्या अंगाचे हवे, यकृताचे नको. यकृताच्या तेलातले एक जीवनसत्त्व कुत्र्याला साठून बाधते. आरंभ अगदी थोड्याने करायचा. आणि महिना-दीड महिना काही दिसले नाही, तरी धीर सोडायचा नाही, कारण केस कातडीच्या आत तयार होतो, बाहेर तो उशिरा कळतो.

कांचनने पहिली गोळी टाचणीने टोचली आणि भाकरीच्या काल्यावर पिळली. चवरीने वास घेतला, दोन पावले मागे सरली आणि आमच्याकडे पाहिले. अडीच वर्षे माळकऱ्याच्या घरी काढलेल्या जिवाची ती नजर होती. आम्ही फसवीत तर नाही ना, असे ती विचारत होती. मग तिने जीभ लावली. त्यानंतर ते ताट तिने चाटत चाटत साऱ्या अंगणभर ढकलत नेले, आणि मोरीपाशी अडले तेव्हाच सोडले.

घाई कांचनला होती. दुसऱ्याच आठवड्यात तिने मनाने मात्रा वाढवली, आणि अंगण धुता धुता आमच्या दोघांच्या नाकी नऊ आले.

"वहिनी, हे औषध आहे, फोडणी नाही," होळंबे म्हणाले. "जास्त घातलं म्हणून लवकर खमंग होत नाही."

दर रविवारी आबांचा घरमालकांच्या फोनवर फोन येई. मी जवळ उभा असल्याने मला कांचनचीच बाजू ऐकू येई. "बरी आहे. नाही, ताप नाही. जेवते. हो, झोपते." चवरीविषयी त्यांनी एकदाही विचारले नाही आणि कांचननेही आपण होऊन सांगितले नाही.

दिवाळी झाली. चवरीचे खाजवणे कमी झाले होते, पण अंगावर दिसण्यासारखे काही नव्हते. आणि अशात कांचनला ताप आला. हवा बदलली होती, निम्म्या गल्लीला ताप होता, आमच्या डॉक्टरांनी साधा सर्दी-ताप म्हणून गोळ्या दिल्या. हे सगळे मला स्वच्छ कळत होते. तरी संध्याकाळी कांचन पांघरुणातून उठली तेव्हा तेलाची बाटली फडताळात नव्हती.

"अहो, बाटली कुठे आहे?"

"आजचा दिवस राहू दे."

"कुठे आहे?"

"कांचन, एक दिवस नाही दिलं तर केस काही रुसणार नाहीत."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तापाने तिचे डोळे चमकत होते. "तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली. "माळ आबांच्या गळ्यात आणि पट्टा चवरीच्या. मग तुमच्या गळ्यात काय आहे?"

न्यायालयात मला पुढे अनेक मातब्बर प्रतिपक्षी भेटले. असा प्रश्न कोणी विचारला नाही. मी कपाटावर, कायद्याच्या जाड ग्रंथांच्या मागे ठेवलेली बाटली काढून दिली. तिने दाराच्या चौकटीला धरून, काल्यावर गोळी पिळली. रविवारी फोन आला तेव्हा तिचा घसा बसलेला होता. "बरी आहे," ती म्हणाली. "आवाज? फराळाचं तळकट खाल्लं, आबा." त्यानंतरही तिने फोन ठेवला नाही, आणि त्यांनीही नाही.

ताप उतरला. आणि त्याच सुमारास एका सकाळी ती अंगणातून मला हाका मारू लागली. मी दाढीचा साबण तसाच ठेवून धावलो. चवरी उन्हात पडली होती आणि तिच्या कानांच्या कडेवर, उघड्या कातडीवर, जावळासारखी बारीक सोनेरी लव उन्हात चमकत होती. कातडी फिकी गुलाबी झाली होती. खाजवल्याच्या खुणा सुकून गळून पडल्या होत्या. तेथून पुढे मग थांबणे नव्हते. दर आठवड्याला ती वेगळी दिसे. पाठीचा कोंडा गेला, अंगाला तकाकी आली, पायांमागे झालरी सुटल्या, आणि शेपटी हलवली की पायावर रेशमाचा फटकारा बसावा तशी झाली. आज इतक्या वर्षांनी हे लिहीत असताना माझ्या खुर्चीखाली जी पश्मी घोरते आहे, ती चवरीच्या पणतीची मुलगी. पण तो सोनेरी रंग तिच्यात तितका उतरलेला नाही.

चंपाषष्ठीला खंडोबाच्या माळावर भंडाऱ्याने सगळी हवा पिवळी झाली होती. भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून लोक प्रथम आपापल्या कुत्र्यांना घास घालीत होते. आम्ही जीपमधून उतरलो तशी चवरी खाली उडी मारून उभी राहिली, तिने अंग झाडले, आणि जवळपासची बोलणी थांबली.

माणिकतात्या आपला कुत्रा घेऊन रांगेतच होते. त्यांनी चवरीभोवती एक पूर्ण फेरी मारली.

"वकीलसाहेब, कुत्री बदलून आणली का?"

"पट्टा ओळखा, तात्या."

"पट्टा ओळखला. आतली वळखू येईना." त्यांनी वाकून तिच्या डाव्या कानाची जुनी चीर पाहिली आणि कमरेवर हात ठेवले. "हीच हाय. म्या तिच्यासाठी खुंटा बी रोवला होता, वकीलसाहेब. आता त्याला शेळी बांधावी लागंल."

पंच म्हणून पशुसंवर्धन खात्यातले एक निवृत्त अधिकारी आले होते. कोरडा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी प्रत्येक कुत्रा चालवून, पळवून पाहिला. चवरीपाशी आल्यावर त्यांनी तिच्या पाठीवरचे केस उलटे सारले, खालची कातडी निरखली, चिमटीत केस धरून ओढले आणि चिमूट उजेडात धरून पाहिली. चिमटीत एकही केस आला नव्हता. मग त्यांनी शेपटीचा झुपका हातावर घेऊन जोखल्यासारखा वर-खाली केला.

"मालक?"

"कांचन," मी म्हणालो. वाण मला मिळाले होते. पण तिला पोसली कोणी, याबद्दल माझ्यासारख्या वादप्रिय माणसालाही वाद घालता आला नसता. "आणि पैदास निवृत्ती ग्यानोबा चामे यांची, मौजे हिंगणवाडी. हेही मोठ्यानं सांगा."

पंचांनी ते मोठ्याने सांगितले आणि पुढे म्हणाले, "पहिली."

हलगी वाजू लागली. कोणीतरी चवरीच्या डोक्यावर भंडारा उधळला, कोणीतरी माझ्या नव्या सदऱ्यावर. त्या गर्दीत चवरीने एकाएकी मान उंचावली आणि साखळी माझ्या हातातून हिसकली. माणसे बाजूला झाली. माळाच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली, आबा उभे होते. ते केव्हा आले, किती वेळ तेथे होते, कोणी पाहिले नव्हते. चवरी त्यांच्यापाशी पोहोचली, दोन्ही पाय त्यांच्या छातीवर टेकून उभी राहिली आणि तिने नाक त्यांच्या माळेत खुपसले.

आबांनी तिला दूर केले नाही. पण ते तिच्याकडे पाहतही नव्हते. ते चवरीच्या मागून येणाऱ्या कांचनकडे पाहत होते. ती भंडाऱ्याने माखली होती, पदर खांद्यावर पडला होता, आणि तिची वेणी, गंगावनाशिवायची, तिची स्वतःची, पाठीवर रुळत होती. ती समोर येऊन उभी राहिली. आबांनी उजव्या हाताची मागली बाजू तिच्या कपाळाला लावली, मग मानेला लावली. लहान मुलाचा ताप पाहावा तशी. हात तेथेच बराच वेळ राहिला.

मग त्यांनी खाली वाकून चवरीच्या पाठीवर हात ठेवला. केस उलटे सारून कातडी पाहिली. बोटे रेशमात मुळापर्यंत बुडवली आणि शेपटीच्या टोकापर्यंत ओढत नेली.

"आबा, हात हुंगून बघा," तात्या मागून म्हणाले. "मासळीचा वास येत असंल."

आबांनी तळहात नाकाशी नेला. माळकऱ्याचा तो हात आता कशाला पुसला जातो, हे पाहायला बरीच माणसे थांबली होती. आबांनी तो धोतराला पुसला नाही, धुवायला पाणीही मागितले नाही. तो त्यांनी पुन्हा चवरीच्या पाठीवर ठेवला आणि दुसरा कांचनच्या डोक्यावर.

"येतोय," ते म्हणाले.

"मग?" तात्यांनी विचारले. "आता काय म्हणणं हाय तुमचं?"

आबांनी एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे.

"दोघी बऱ्या हायत," ते म्हणाले.